खटका

चढ सुरू झाला आणि माझा डावा अंगठा नेहमीच्या जागी गेला. तिथे काही नव्हतं. रबराची गुळगुळीत कड होती, खटका नव्हता. चेन पुढच्या मोठ्या रिंगवर, मागे मधल्या कुठल्यातरी चकतीवर, पाय जड होत चाललेले आणि अंगठा तीच कड पुन्हा पुन्हा चाचपतोय. थोडी पुढे माझी मैत्रीण माझ्या सायकलवर होती. तिचंही काहीतरी अडलंय हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं. तिने मान वळवून विचारलं, "अगं, हे हलकं कसं करायचं?" मी ओरडले, "अंगठ्याने! डाव्या अंगठ्याने!" आणि ओरडता ओरडताच निघताना तिने सांगितलेलं मला आठवलं: दोन्ही हातांचे खटके एकदम दाब. दाबले. पुढचं डिरेलर, म्हणजे चेन सरकवणारा भाग, किंचित गुरगुरलं, चेन लहान रिंगवर उतरली, पाय मोकळे झाले.

आम्ही पंधरा दिवसांसाठी सायकली बदलल्या होत्या. दोघींच्या फ्रेमचं माप एकच. माझ्या सायकलला काम्पान्योलोचा केबलवर चालणारा ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा पूर्ण संच, तिच्या सायकलला स्रॅमचा बिनतारी. त्याआधी कितीतरी वर्षं मी शिमानो चालवलेला. म्हणजे रोड बाइकच्या गिअरची तिन्ही मोठी घराणी आता माझ्या हातांखालून गेली आहेत. "यातलं चांगलं कोणतं?" हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि मी आजवर वजन, दातांची संख्या, गिअरची संख्या अशी उत्तरं देत आले. त्या चढावर, रिकाम्या कडेवर अंगठा फिरवताना, मला माझी ती उत्तरं अपुरी वाटली. चेन एका चकतीवरून दुसरीवर नेण्याचं काम तिघंही उत्तम करतात. पण ते काम कोणत्या बोटाला सांगायचं, यावर तिघांचं कधीच एकमत झालं नाही. माझ्या लेखी सगळा झगडा तिथेच आहे.

शिमानोत ब्रेकचा लिव्हरच आतल्या बाजूला लोटायचा. उजव्या हाताने लोटला की मागची चेन मोठ्या चकतीवर चढते आणि पाय हलका होतो. त्या लिव्हरच्या पाठीमागे दुसरा, छोटा लिव्हर आहे. तो दाबला की चेन लहान चकतीवर येते. १९९० मध्ये शिमानोच्या ड्युरा-एस या संचात ही रचना एसटीआय या नावाने आली. तोवर बहुतेक रोड बाइकवर गिअरचे लिव्हर फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर असत. गिअर बदलायचा तर एक हात हँडलवरून काढून खाली न्यावा लागे. शर्यतीत शेजारचा स्वार हात खाली नेतोय हे दिसलं की त्याच्या मनातलं कळायचं. एसटीआयने हात हँडलवरच ठेवला आणि ती चाहूलही संपली.

दोनच वर्षांनी, १९९२ मध्ये, काम्पान्योलोने एर्गोपॉवर आणलं. त्यात ब्रेकचा लिव्हर फक्त ब्रेकच लावतो, इकडेतिकडे हलत नाही. त्याच्या मागचा लिव्हर बोटाने ओढून चेन वर चढवायची आणि आतल्या बाजूला असलेल्या छोट्या खटक्यावर अंगठा दाबून खाली सोडायची. एका बोटाला एकच काम. स्रॅम रोडच्या मैदानात २००६ मध्ये उतरली, फोर्स आणि रायव्हल हे दोन संच घेऊन. तिने एकाच लिव्हरमध्ये दोन्ही कामं भरली: हलकेच टिचकी मारली तर एक गिअर जड, आणि तोच लिव्हर लांबवर ढकलला तर हलका. नाव डबलटॅप.

मला यातली काम्पान्योलोची वाटणी सर्वांत जास्त पटते, आणि ती आवडीनिवडीपुरती गोष्ट नाही. ब्रेक ही सायकलवरची सर्वांत गंभीर वस्तू. पावसात, ओल्या हातमोज्यांत, उतारावर, बोटांना ब्रेकची दिशा एकच माहीत असलेली बरी. डबलटॅपमध्ये अडचण वेगळीच आहे. सर्वांत मोठ्या चकतीवर असताना, आता आणखी हलका गिअर उरलेला नाही हे विसरून लिव्हर ढकलला, तर पुढे काही नसल्याने आधीची टिचकी तेवढी लागू होते आणि चेन जड गिअरवर येते, तीही नेमकी चढाच्या सर्वांत अवघड जागी. मात्र अंगठ्याच्या खटक्यालाही उणं आहे. हात ड्रॉपमध्ये, म्हणजे हँडलच्या खालच्या वळलेल्या भागात, असताना तिथवर पोचायला अंगठा ताणावा लागतो, आणि माझ्यासारख्या लहान पंजाला तर फारच. तरीही माथा गाठल्यावर अंगठ्याच्या एका लांब दाबात चेन पाच चकत्या उतरते (वरच्या श्रेणीच्या केबलवाल्या संचांत ही सोय आहे), तेव्हा हाताखाली जे एकामागून एक खटके उडतात, त्यांना तोड नाही.

कंपन्यांची गिअरची समज त्यांच्या जन्मकथेतून आली आहे असं मला वाटतं.

तुल्लिओ काम्पान्योलो स्वतः शर्यतीत उतरणारा सायकलपटू. त्या काळी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना चकत्या असत. चढ आला की उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं. १९२७ च्या नोव्हेंबरात, इटलीतल्या क्रोचे द'औने या खिंडीत, बर्फाने गारठलेल्या बोटांना चाकाचे पंखवाले नट फिरवता आले नाहीत आणि शर्यत हातची गेली, अशी कथा सांगितली जाते. कथेत भर किती पडली असेल ते असो, पुढे त्याने क्विक रिलीज काढलं आणि १९३३ मध्ये विचेंझा शहरात कंपनी काढली. आजही असंख्य सायकलींची चाकं ज्या एका लिव्हरच्या झटक्यात निघतात, तो त्याचाच. गारठलेला हात हा या कंपनीचा आरंभबिंदू आहे. त्यांच्या खटक्याला इतका ठणठणीत, हातमोज्यातूनही कळेल असा ठोका का, हे मला त्यावरून उमगतं.

शिमानोची गोष्ट कारखान्यातून सुरू होते. जपानमधलं साकाई हे सुऱ्यांच्या पात्यांसाठी आणि धातुकामासाठी जुन्या काळापासून नावाजलेलं गाव. तिथे १९२१ मध्ये शोझाबुरो शिमानो यांनी काम सुरू केलं ते फ्रीव्हीलपासून, म्हणजे पायडल थांबलं तरी चाक फिरत ठेवणाऱ्या त्या छोट्या, बिनतक्रार भागापासून. फ्रीव्हीलमध्ये कुणाच्या वीरकथेला जागा नसते. त्यातले दात आणि खिट्ट्या एकमेकांशी जुळल्या तर चालतं, नाही तर नाही. पुढे शिमानोने सगळ्या सायकलकडे याच नजरेने पाहिलं: चेन, चकती, डिरेलर, शिफ्टर, केबल हे सुटे भाग नाहीत, एकच यंत्र आहे.

१९८४ मध्ये ड्युरा-एसवर इंडेक्स शिफ्टिंग आलं ते त्याच नजरेतून. त्याआधी लिव्हर अंदाजाने सरकवायचा आणि चेन नीट बसली की नाही हे कानाने ओळखायचं. इंडेक्समध्ये लिव्हरला ठरावीक खाचा आल्या, एका खाचेला एक गिअर. जुन्या जाणत्यांना तो नवशिक्यांचा खेळ वाटला. मग १९८८ च्या जिरो दीतालियात, इटलीच्या मोठ्या शर्यतीत, गाविया खिंडीत हिमवादळ झालं, अँडी हॅम्पस्टनने त्या दिवशी आघाडीवीराची गुलाबी जर्सी मिळवली आणि शेवटपर्यंत टिकवली. त्याच्या सायकलला शिमानो होता. तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यतीतला शिमानोचा तो पहिला विजय. एका कंपनीला बर्फातल्या हरण्याने जन्म दिला आणि दुसरीला बर्फातल्याच जिंकण्याने मान मिळवून दिला, हे मला फार विलक्षण वाटतं.

स्रॅम या दोघींच्या मानाने कालची. १९८७, शिकागो. पहिलं उत्पादन ग्रिप शिफ्ट, म्हणजे मुठीजवळचं कडं पिळून गिअर बदलायचा. सायकल बनवणाऱ्यांनी सगळा संच शिमानोचा घेतला तर त्यांना सवलत मिळे, आणि त्यामुळे एकटा शिफ्टर विकणाऱ्याला दारच उघडं राहत नव्हतं. १९९० मध्ये स्रॅमने त्याविरुद्ध खटला भरला. तो तडजोडीने मिटला. पुढे स्रॅमने जर्मनीची सॅक्स, मग रॉकशॉक्स, एव्हिड, ट्रुव्हाटिव्ह, झिप अशा कंपन्या घेत घेत स्वतःच पूर्ण संच उभा केला. ज्या भिंतीवर डोकं आपटलं, तशीच भिंत त्यांनी स्वतःभोवतीही बांधली. त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही, पण तो खटला आठवला की ही गोष्ट मनाला लागते.

आणि एक चौथं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. सनटूर. जपानमधल्या माएदा कंपनीने १९६४ मध्ये तिरक्या समांतरभुज चौकोनाचं मागचं डिरेलर काढलं. कॅसेटकडे, म्हणजे मागच्या चकत्यांच्या गठ्ठ्याकडे, बाजूने पाहा: लहान चकतीपासून मोठीपर्यंत ती शंकूसारखी पसरत जाते. डिरेलर नुसतं आडवं सरकलं तर एका टोकाला त्याचं वरचं छोटं चाक चकतीजवळ असतं आणि दुसऱ्या टोकाला दूर पडतं. दूर पडलं की चेनचा मोकळा भाग लांबतो आणि गिअर ढिलाईने बदलतो. सनटूरने चौकोन तिरका केला, म्हणजे डिरेलर शंकूच्या उताराशी समांतर चालू लागलं आणि अंतर सगळीकडे जवळपास सारखं राहिलं. इतकी साधी, इतकी सुंदर कल्पना. वीस वर्षांनी पेटंट संपलं. नेमक्या त्याच सुमाराला शिमानोने ती रचना खाचांच्या शिफ्टरला जोडली, आणि नव्वदच्या दशकात सनटूरचा गिअरचा धंदा बुडाला. नाव उरलं, ते आता सस्पेन्शनच्या फोर्कवर दिसतं. आज तिघांपैकी कुणाचंही डिरेलर हातात घ्या, त्यात तो तिरका चौकोन आहे. कुणीही तो सनटूरच्या नावाने ओळखत नाही.

आता त्या भिंतींबद्दल. चेनच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेचं अंतर तिघांतही अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. शंभराहून अधिक वर्षांचं हे एकमत, आणि एकमत बहुतेक तिथेच संपतं. दहा गिअरच्या काळात शिमानो आणि स्रॅमच्या चकत्यांमधलं अंतर सारखंच होतं, साधारण ३.९५ मिलिमीटर. कॅसेट एकमेकींच्या चालत. पण तेवढंच अंतर सरकायला शिमानोचा शिफ्टर केबल थोडी ओढायचा आणि स्रॅमचा जास्त. त्यामुळे एकाचा शिफ्टर आणि दुसऱ्याचं डिरेलर जोडलं की दोन गिअर बरोबर लागतात, तिसरा चकत्यांच्या मध्ये खरखरत राहतो. इतकंच कशाला, अकरा गिअर आणताना शिमानोने स्वतःचंच ओढीचं प्रमाण बदललं. मग त्यांचेच जुने दहाचे शिफ्टर त्यांच्याच नव्या डिरेलरशी जुळेनात. स्रॅमने २०१९ मध्ये रोडसाठी बारा गिअर आणले तेव्हा चेनचे रोलरच जाड केले आणि वरची कड सपाट केली. डिस्क ब्रेकच्या तेलातही तीच तऱ्हा: शिमानो आणि काम्पान्योलोत मिनरल ऑइल, स्रॅमच्या रोड ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. एकाचं दुसऱ्यात घातलं तर आतली रबरी सीलं फुगून निकामी होतात, म्हणून बाटली हातात घेतली की मी आधी लिव्हरवरचं नाव वाचते.

यातलं काही सुधारणेसाठी गरजेचं होतं हे मला मान्य आहे. सगळं होतं असं मात्र मी म्हणणार नाही.

दातांचं गणित मला आवडतं, म्हणून थोडं थांबते. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरा. पुढे ५० आणि मागे ११ दात असतील तर पायडलच्या एका फेरीत सायकल साडेनऊ मीटर जाते. पुढे ३४, मागे ३४, तर एका फेरीला चाकाची एकच फेरी, २.१ मीटर. शिमानोची वाट बराच काळ हीच राहिली. स्रॅमने मागची सर्वांत लहान चकती १० दातांची केली आणि पुढची मोठी रिंग ५० ऐवजी ४८ ची, तिच्या जोडीला ३५ ची. आता ४८ ला १० म्हणजे दहा मीटरच्या वर, आणि मागे ३६ ची मोठी चकती घेतली तर ३५ ला ३६, चाकाच्या एका फेरीपेक्षाही कमी. पुढची मोठी रिंग लहान करूनही दोन्ही टोकं वाढली. याची किंमत अशी की दहा दातांवरून वळताना चेनची प्रत्येक कडी जास्त तीव्र वाकते आणि घर्षण वाढतं. पण त्या चकतीवर आपण उतारावरच असतो, पाय निवांत असताना. मैत्रिणीच्या सायकलवर पंधरा दिवस काढल्यावर माझं मत स्रॅमकडे झुकलं. शेवटी काम्पान्योलोनेही २०२३ च्या बिनतारी संचात दहा दातांची चकती घेतलीच.

दुरुस्तीच्या बाबतीत माझी बाजू आधीपासून ठरलेली आहे. एकदा चढावर उजव्या शिफ्टरच्या आत, केबलच्या डोक्यापाशी, एक एक तार तुटत शेवटची तार तुटली. कोणत्याही कंपनीच्या केबलला हे होतं, वेळेवर बदलली नाही की. डिरेलरच्या स्प्रिंगने चेन सगळ्यात लहान चकतीवर नेऊन टाकली, आणि ३४ ला ११ घेऊन चढ चढणं म्हणजे प्रत्येक फेरीला उभं राहणं. रस्त्याकडेला बसून मी डिरेलरवरचा 'एच' लिहिलेला स्क्रू आत पिळला. तो डिरेलरला बाहेरच्या टोकाला अडवतो. पिळत गेलं की डिरेलर आत सरकून दुसऱ्या, कधी तिसऱ्या चकतीखाली थांबतं. दोन चकत्यांचा फरक, पण तेवढ्यावर मी घरी आले. संध्याकाळी तुटलेल्या तारेचं टोक चिमट्याने शिफ्टरमधून काढायला दीड तास लागला. त्या दीड तासात शिफ्टरच्या पोटात काय काय असतं ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. काम्पान्योलो एर्गोपॉवरच्या आतल्या स्प्रिंग आणि चकत्या सुट्या विकत आली, लिव्हर उघडून पुन्हा नवा करता यावा म्हणून. शिमानोचा शिफ्टर मात्र बिघडला की बहुधा अख्खाच बदलावा लागतो. उघडता येईल अशी वस्तू बनवणं हा मी वापरणाऱ्याचा सन्मान समजते, आणि माझ्या सायकलवर आज काम्पान्योलो का आहे याचं अर्धं कारण हे आहे.

विजेच्या गिअरने हा प्रश्नच बदलून टाकला. शिमानोचं डीआयटू २००९ मध्ये आलं, काम्पान्योलोचं ईपीएस २०११ मध्ये, आणि २०१५ मध्ये स्रॅमच्या ईटॅपने तारच काढून टाकली. ओढायला केबल नाही, म्हणजे तुटायला केबल नाही, ताणायला काही नाही. आणि लिव्हर आता नुसतं एक बटण, तर कोणत्या बोटाला काय सांगायचं यावर यंत्राचं बंधनच उरलं नाही. ईटॅपने ही मोकळीक सर्वांत धीटपणे वापरली: उजवा दाबला की जड, डावा दाबला की हलका, दोन्ही एकदम दाबले की पुढची रिंग. नव्या माणसाला एका वाक्यात समजतं. पुढच्या आणि मागच्या डिरेलरची बॅटरी एकच असल्याने मागची संपली तर पुढची काढून तिथे लावता येते, हेही मला फार शहाणपणाचं वाटलं. डीआयटूची बॅटरी फ्रेमच्या आत एकच, दोन्ही डिरेलरना तारेने जोडलेली. ती जास्त टिकते, पण संपली की सगळंच थांबतं.

पण खटका? विजेच्या लिव्हरचा खटका बटणाचा असतो. चेन तिकडे चढली की नाही हे त्यातून कळत नाही, ते पायाला कळतं. केबलच्या लिव्हरमध्ये अर्ध्यावर एक जागा येते जिथे चेन चकतीच्या उतरत्या दातांवर आलेली बोटाला जाणवते, आणि मग ती बसते. त्या क्षणी मी पायाचा जोर किंचित सोडते. हे मी कधी शिकले ते आठवत नाही. मैत्रिणीच्या सायकलवर पहिला आठवडाभर मी तसाच जोर सोडत होते, आणि तिथे त्याची गरजच नव्हती. चेन केव्हाच पोचलेली असे.

२०२३ मध्ये काम्पान्योलोने सुपर रेकॉर्ड हा बिनतारी संच आणला तेव्हा अंगठ्याचा खटका काढून टाकला. दोन्ही बटणं बोटांकडे, ब्रेकच्या मागे. मी ती छायाचित्रं बराच वेळ पाहत बसले होते. एकतीस वर्षं ज्या एका गोष्टीवरून डोळे मिटून हा हात कुणाचा ते ओळखता येत होतं, तीच त्यांनी काढली. २०२५ मध्ये तेरा गिअरच्या सुपर रेकॉर्डसोबत अंगठ्याचं बटण परत आलं. ते विजेचं आहे, त्यात पाच खटक्यांची ती लांब साखळी नाही. तरी अंगठ्याची जागा अंगठ्याला परत मिळाली याचा मला झालेला आनंद खरा होता.

पंधरा दिवस संपले त्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच चढावर होतो. सायकली माथ्यावर बदलून घ्यायचं ठरलं होतं. मी आधी पोचले, डावं बटण, डावं बटण, शेवटी अंगठा कुठेच न फिरवता. मागून तिच्या श्वासाचा आवाज येत होता. रस्ता सपाट झाला, ती माझ्या बरोबरीला आली, थांबली मात्र नाही. तिचा उजवा अंगठा आत दाबला गेला आणि पाच खटके एका दमात उडाले. उतारावर वळण घेताना तिने हात वर करून काहीतरी ओरडून सांगितलं. वाऱ्यात मला एवढंच ऐकू आलं: "अजून एक आठवडा!"